आमिषाचे मडके

पूर्वी सिंधुमुख नावाच्या नगरात एक राजा सुखाने राज्य करीत होता, तेव्हा बोधिसत्त्वाने नगराबाहेरच्या खाडीकाठी, कोळ्यांच्या वाड्यात जन्म घेतला. त्याचे नाव सोमिल. बोधिसत्त्व आणि गळ टाकून मासे धरतो, असे मनात आले ना? येऊ द्या. त्या जन्मी पदरी तेच काम आले होते.

त्या वाड्यात एक जुनी रीत होती. गळाला लावून उरलेली कोळंबी संध्याकाळी काठावर कावळ्यांना टाकायची. उरलेले आमिष घरात आणले की अवदसा येते, असे म्हातारे सांगत. सोमिल मात्र ते गोळा करून मिठात घाली आणि मडक्यात ठेवी. कारण पावसाळ्यात खाडीला गढूळ लोंढा आला की पंधरा-पंधरा दिवस कोळंबी मिळत नसे. मासे असत, पण गळाला लावायला काही नसे. मग सारा वाडा पेजेवर दिवस काढी.

शेजारच्या खंडकाला या मडक्याची भारी गंमत वाटे.

"काय सोमिलदादा, मेलेल्या कोळंबीचं सुतक पाळतोस होय?" तो कुंपणावरून ओरडे.

"पाळतोय बाबा. तूही ये, दोघं मिळून पाळू," सोमिल हसून म्हणे. हा मनुष्य चिडतच नाही, याचाच खंडकाला राग येई.

त्या वर्षी खंडकाची आई तापातून उठली. माशाच्या निवळ कढाशिवाय तिच्या पोटात काही ठरेना. लोंढा आला तर हिला काय देऊ, ही काळजी खंडकाला जाळू लागली. सोमिलाला विचारावे, तर नाक खाली होणार! शेवटी सोमिल कोळंबीला मीठ कसे लावतो ते त्याने एकदा कुंपणाआडून पाहून घेतले, घरी येऊन आपले मडके भरले, वर मीठ ओतले आणि तोंड चिखलाने पक्के लिंपून टाकले.

लोंढा आला. खंडकाने मडके उघडले. अरे देवा, काय ती घाण! आत काळे पाणी आणि त्यात किडे वळवळत होते. सोमिलाने मुद्दाम काहीतरी लपवले, असे त्याच्या मनाने घेतले. आई दोन दिवस पेज पुढे सारून भिंतीकडे तोंड करून निजली. तिसऱ्या दिवशी भर दुपारी सोमिलाच्या घरी कोणी नाही असे पाहून खंडक पावसातून तसाच आत शिरला. त्याने मडके हुडकले, वरचे फडके सोडले आणि हात घालणार, तोच दारात सोमिल उभा.

खंडकाने हात मागे घेतला. आता हा ओरडणार, वाडा गोळा होणार, आईच्या कानावर जाणार.

"अरे अरे, हात पूस आधी!" सोमिल म्हणाला. "ओला हात घातलास तर सगळं नासेल."

त्याने पंचा पुढे केला. खंडकाने मुकाट्याने हात पुसले.

मागून सोमिलाची बायको भद्रिका आली. काय चालले आहे ते तिला पाहताक्षणी कळले. "अहो, पाणी उतरायला अजून बारा दिवस आहेत. आपल्याला पुरेल एवढंच उरलंय."

"मग दोघांना सहा-सहा दिवस पुरेल," असे म्हणत सोमिल केळीच्या पानावर अर्धे आमिष काढू लागला. भद्रिकेने कपाळाला हात लावला. पण मग आत जाऊन तिने म्हातारीच्या कढासाठी आल्याचा तुकडाही आणून दिला.

खंडकाला रडू फुटले. "दादा, मी चोरायला आलो होतो."

"ते दिसलंच की. पण चोरीचं झालं तरी आमिष नासू नये. बस इथं, नीट ऐक. मीठ लावलं की कोळंबीला पाणी सुटतं. ते ओतून टाकायचं, पुन्हा मीठ लावायचं. पाणी सुटायचं थांबलं की मगच तोंड बांधायचं. तू घाई केलीस."

"तुला कसं कळलं?"

"वास आमच्या ओसरीपर्यंत आला रे!"

भद्रिका खुदकन हसली. खंडकालाही रडता रडता हसू आले.

मिठाने घट्ट झालेली कोळंबी लोंढ्यातही गळावरून सुटली नाही आणि खंडकाला मासा मिळाला. त्या संध्याकाळी आईने कढ पिऊन वाटी पुन्हा पुढे केली. खंडकाला इतका आनंद झाला की तो तसाच बाहेर गेला आणि आपण चोरी करायला गेलो होतो, तिथून काय शिकून आलो, हे त्याने चारचौघांत सांगून टाकले. पुढच्या पावसाळ्यात वाड्यातल्या घराघरांत मिठाची मडकी होती.

एवढी कथा सांगून भिक्षूंचे गुरू शास्ते त्यांना म्हणाले, "विहाराच्या कोठीतले तूप न विचारता उचलताना आज ज्याला तुम्ही धरलेत, तो भिक्षू तेव्हा खंडक होता. ज्या आजाऱ्यासाठी त्याने ते उचलले, तो त्याची आई होता. कोठी सांभाळणारा भिक्षू म्हणजे भद्रिका, आणि सोमिल मी होतो. तेव्हा मी त्याला हाकलले नाही. तुम्हीही हाकलू नका. सर्वांविषयीच्या या प्रेमभावाला मैत्री म्हणतात."

 कोठी सांभाळणारा भिक्षू उठला आणि त्याने तुपाचे भांडे आणून तूप उचलणाऱ्या भिक्षूच्या हातात दिले.