धमनासुराची न विझणारी भट्टी

भात्याचा आवाज मी फार लहानपणी ऐकला. गावाबाहेर घिसाड्यांची, म्हणजे फिरत्या लोहारांची, गाडी उतरली होती आणि त्यांचा चामड्याचा भाता उघडत होता, मिटत होता. दमलेले जनावर झोपेत श्वास घेते, तसा तो आवाज होता. भात्याशी बसलेल्या म्हातारीने तो ओढता ओढता ही कथा सांगितली. ती कोणत्या पुराणात आहे, कितव्या अध्यायात आहे, हे मला ठाऊक नाही. आठवते तशी सांगतो.

पूर्वी, कृतयुगाचा शेवटचा प्रहर चालू असताना, देव, असुर आणि माणसे अजून एकाच पाणवठ्यावर येत असत. त्या काळी पयोधारा नदीच्या काठी अंकुरायन नावाच्या ऋषींचा आश्रम होता. भोवती साल, कदंब, बेहडा आणि करंज यांचे रान होते. रानाच्या कडेला गुडघाभर गवताचे माळ होते. माळावर कृष्णमृगांचे कळप चरत, आणि त्या साऱ्या प्रदेशात मिळून एक वाघ राहत होता. तो कधीमधी पलीकडच्या तीरावर पाणी पिताना दिसे आणि ऋषी त्याला दुरूनच नमस्कार करीत.

या आश्रमात एक रीत होती. जेवायला बसले की पहिला घास हातात घ्यायचा आणि तो कुठून आला हे मोठ्याने म्हणत म्हणत मागे जायचे, सूर्यापर्यंत. मगच घास तोंडात घालायचा. याला ते मागोवा म्हणत. ‘हे ताक गायीचे, गाय गवताची, गवत सूर्याचे.’ ‘हा मध माशीचा, माशी फुलाची, फूल सूर्याचे.’ भुकेलेला पाहुणा हे सारे एका दमात उरकी. मग ऋषिपत्नी दर्भवती म्हणे, “बाबा, गायीला जरा चरू दे. तू तर तिला पळवत आणलीस!”

अंकुरायन शिष्यांना सांगत, “सूर्य भरभरून देतो, पण गवताला त्यातले चिमूटभरच धरता येते. हरिण शंभर भारे गवत खाते, तेव्हा दहा भाऱ्यांचे बळ त्याच्या अंगी लागते. बाकीचे पळण्यात, श्वासात, अंगाच्या उबेत जाते आणि आकाशात विरते. वाघाच्या वाट्याला त्या दहांतला एक भारा. म्हणून रान एवढे मोठे आणि वाघ एकटा. विरलेली ऊब मागे फिरत नाही, बाळांनो. म्हणून तर सूर्याला रोज यावे लागते.”

आश्रमापासून एका दिवसाच्या वाटेवर, नदीच्या वरच्या अंगाला, लोहकूट नावाचा पर्वत होता. तिथे धमनासुर राहत असे. असुर म्हटला म्हणून तो दुष्ट नव्हता. जातीचा लोहार, हाताचा चोख, बोलायला आडदांड. त्याने केलेला नांगराचा फाळ तीन पिढ्या झिजत नसे. त्याची आई अंगारिका एकदा आजारी पडली आणि वैद्यांनी मान हलवली, तेव्हा या असुराने चार भट्ट्यांच्या मधोमध एका पायावर उभे राहून सात वर्षे अग्नीचे तप केले. अग्निदेव प्रसन्न झाले. धमनाने मागितले, “माझ्या आईला मरण नको.” अग्नी म्हणाले, “अमरत्व देणे माझ्या हाती नाही. पण तुझी भट्टी जोवर पेटती राहील, तोवर तुझ्या आईजवळ मृत्यू येणार नाही.”

धमन आनंदाने घरी आला आणि त्याने भट्टी पेटवली. म्हातारी उठून बसली. त्या दिवसापासून ती भट्टी विझली नाही.

पण भट्टीला भूक असते. आधी लोहकूटावरचा खैर गेला, मग धावडा, मग अंजन. झाड वाढायला साठ वर्षे लागत आणि जळायला साठ घटकाही लागत नसत. काही शतकांतच तो पर्वत भादरलेल्या डोक्यासारखा उघडा झाला. मग एका सकाळी शंभर कुऱ्हाडी घेऊन धमनासुर आश्रमाच्या दाराशी उभा राहिला.

“ऋषिवर,” तो हात जोडून म्हणाला, “भांडायला आलो नाही. लाकूड न्यायला आलो आहे.”

“किती?”

“सगळे.”

“सगळे?” अंकुरायन म्हणाले. “हे धमना, या एकेका वृक्षावर शेकडो जिवांची घरे आहेत.”

“माझेही एकच घर आहे आणि त्यात एकच म्हातारी आहे. भट्टी विझली तर ती जाईल. तुमची आई असती तर तुम्ही काय केले असते? शास्त्रातले सांगू नका, खरे सांगा.”

ऋषींनी मान वर करून पाहिले. समोरच्या कदंबावर सुगरणींचे खोपे वाऱ्याने हलत होते. ऋषींना एक गुपित ठाऊक होते. पुष्कळ वर्षांपूर्वी ध्यानात असताना भूदेवीने त्यांना सांगितले होते की मागच्या कल्पातले एक अफाट अरण्य लोहकूटाच्या पोटात निजले आहे. चिखलाने त्याला पांघरूण घातले, पर्वताने त्याला दाबले, आणि त्याचा काळा दगड झाला. ‘त्याला उठवू नकोस,’ असे तिने बजावले होते आणि ऋषींनी तसा शब्द दिला होता.

“तुझ्या पर्वताच्या दक्षिण कड्याखाली खण,” अंकुरायन म्हणाले. “काळा दगड लागेल. तो जळतो.”

असुर निघून गेल्यावर दर्भवती म्हणाली, “अहो, धरणीला शब्द दिला होता ना?”

“दिला होता. पण ही झाडे जिवंत आहेत, आणि ती कधीची मेलेली.”

ती गोठ्याकडे वळली. तिने गायींना वैरण घातली.

काळा दगड लाकडाहून दसपट तेजाने जळला. धमन हरखून गेला. “हा दगड कुणाचा घास घेत नाही, कुणाचे घरटे मोडत नाही, नुसता जळतो!” असे तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागला. त्याने आश्रमाला एक सुरेख फाळ भेट पाठवला. वर्षे गेली, रानातली एक फांदी तुटली नाही. अंकुरायनांना वाटले, आपण थोडा अधर्म करून मोठा धर्म साधला.

मग धूर आला. आधी तो लोहकूटाच्या माथ्यावर टोपीसारखा दिसे. पुढे तो नदीच्या दरीतून खाली उतरला आणि आश्रमावर पसरला. सूर्य तांब्याच्या जुन्या ताटलीसारखा मळका झाला. गुडघाभर गवत घोट्यावर आले. हरिणांच्या फासळ्या मोजता येऊ लागल्या. गायी आटल्या. वाघ पलीकडच्या तीरावर दिसेनासा झाला. आणि एका दुपारी, पानात अर्धी भाकरी घेऊन मागोवा म्हणताना सर्वांत धाकटा शिष्य ‘सूर्याचे’ या शब्दापाशी आला, त्याने सवयीने वर पाहिले, आणि त्याला राखेशिवाय काही दिसले नाही.

अंकुरायन पानावरून उठले. कमंडलू घेतला. दर्भवतीने विचारले, “कुठे?”

“शाप द्यायला.”

“मग मीही येते. एवढी वाट एकट्याने रागात चालणे बरे नाही.”

दुसऱ्या दिवशी माध्यान्ही ते लोहकूटावर पोचले. पर्वताच्या दक्षिण अंगाला एवढा खड्डा पडला होता की त्यात एक टेकडी उलटी मावली असती. खड्ड्याच्या काठावर धमनासुर डोके धरून बसला होता. त्याच्याजवळ काळ्या दगडाची एक टोपली होती.

“या ऋषिवर,” तो म्हणाला. “तळ लागला. ही शेवटची टोपली. उद्यापर्यंत पुरेल. मग पुन्हा तुमचे रान.”

ऋषींचे डोळे लाल झाले. त्यांनी ओंजळीत पाणी घेतले. “अरे दुष्टा! ज्याने सूर्याचे मुख झाकले, मृगांचे तृण हिरावले…”

“अहो,” दर्भवती हळूच म्हणाली, “दगड कुणी दाखवला?”

ओंजळ तशीच राहिली. मग बोटांच्या फटींतून पाणी गळून गेले.

इतक्यात भट्टीजवळून आवाज आला, “धमन्या! पाहुणे उन्हातान्हाचे आले आणि तू त्यांना खड्डा दाखवत बसलास? आत आण त्यांना. भाकरी तव्यावर आहे.”

ती अंगारिका होती. हजार वर्षांची, वाळक्या शेंगेएवढी, पण डोळे निखाऱ्यासारखे. तिने दोघांना भाकरी वाढली. ऋषींनी घास घेतला आणि रीतीप्रमाणे मागोवा म्हटला, “ही भाकरी नाचणीची, नाचणी सूर्याची…”

“आणि ज्या जाळावर भाजली तो?” म्हातारीने विचारले.

“तो जाळ दगडाचा,” ऋषी म्हणाले. “दगड जुन्या अरण्याचा. अरण्य…” ते थांबले. “अरण्य जुन्या सूर्याचे. आई, लक्षावधी वर्षांचे ऊन त्यात निजले होते. आम्ही ते बारा वर्षांत जाळले. त्याने कुणाचा घास घेतला नाही असे आम्हाला वाटले. पण त्याच्या धुराने आजचे ऊन अडवले.”

म्हातारी भाकरी परतत राहिली. मग म्हणाली, “तुमची रीत चांगली आहे. पण ती मागेच जाते. पुढे कुणी म्हणत नाही का? गवताचे हरिण, हरिणाचा वाघ, वाघाची माती, मातीचे गवत. मी हजार वर्षे जेवते आहे. माझ्यापासून कुणाला काय? मुंगीलाही नाही. सगळे माझ्याकडे येते आणि माझ्यापाशीच अडते.”

“आई, असले बोलू नकोस,” धमन म्हणाला.

“गप. लहानपणापासून तू मला बोलू दिले नाहीस. भट्टी विझू दे.”

“तू मरशील!”

“मग काय झाले? माझ्या बरोबरीच्या साऱ्या जणी केव्हाच गेल्या. भांडायलासुद्धा कुणी उरले नाही.”

तेव्हा भट्टीच्या तोंडातून सात जिभांचे तेज बाहेर आले आणि त्यात अग्निदेव प्रकटले. पिंगट जटा, तप्त सुवर्णासारखी कांती. पण चेहरा बारा वर्षांच्या काजळीने थकलेला होता. ते म्हणाले, “वर मुलाने मागितला, पण आयुष्य आईचे आहे. ती परत करील तरच मला तो घेता येईल.”

“घे,” म्हातारी म्हणाली. “आणि बदल्यात एक दे. माझ्या मुलाला लोखंडाशिवाय दुसरे काही येत नाही. त्याला अशी आग दे की जिच्यासाठी सगळे रान तोडावे लागणार नाही आणि धरणीचे पोट उकरावे लागणार नाही.”

“ते एकट्याच्या हातचे नाही,” अग्नी म्हणाले आणि त्यांनी हाक दिली. वायू आला, म्हणाला, “मी भाता ओढीन.” पयोधारा खळखळून म्हणाली, “मी घण उचलीन.” धुरापलीकडून आदित्याचा आवाज आला, “वर्षभरात जेवढे लाकूड वाढते तेवढेच तोड, मी पुन्हा वाढवीन. आज माझ्याकडून घेतलेस म्हणून उद्याचे माझे कमी होणार नाही. पण आम्ही आमच्या वेळेने येऊ. कधी वारा पडेल, कधी नदी आटेल, आणि रात्री मी नसेन. तेव्हा हात धुऊन स्वस्थ बसावे.”

“म्हणजे मी तुमच्या सवडीने काम करायचे?” धमन पुटपुटला.

“माझ्या सवडीनेच वाढलास ना?” आई म्हणाली.

शेवटी खड्ड्याच्या तळातून भूदेवी बोलली. तिचा स्वर रागाचा नव्हता, दमलेला होता. “जे उरले असेल ते निजू द्या. जे जळले ते परत येणार नाही. त्याला निजवायला मला एक कल्प लागला, आणि तेवढा वेळ तुमच्यापैकी कुणापाशीच नाही. हा शाप नव्हे. हे असेच आहे.”

म्हणून आजही काळा दगड एकदा जळला की संपतो, आणि ऊन, वारा, पाणी मात्र आपापल्या वेळेला पुन्हा येतात. अंकुरायनांनी आपल्या शब्दभंगाचे प्रायश्चित्त म्हणून त्या खड्ड्याच्या उतारावर स्वतःच्या हाताने खैराची रोपे लावली. वाऱ्याचा भाता आणि नदीचा घण चालू झाला, आणि धमनाचे फाळ पहिल्याइतकेच चोख निघू लागले.

पण त्याआधी शेवटची टोपली जळून संपली. तिसऱ्या दिवशी धूर पातळ झाला. म्हातारीला आश्रमातले गवत पाहायचे होते, म्हणून धमनाने तिला पाठीवर घेऊन माळावर आणले. सकाळची वेळ होती. तिच्या पायांवर कोवळे ऊन पडले. “अगं बाई, हे किती मऊ आहे!” असे ती म्हणाली, आणि बसल्या जागी तिचा प्राण गेला. असुरांच्या चालीप्रमाणे धमनाने तिला तिथेच मातीत ठेवले.

वर्ष सरले. वर्षश्राद्धाला धमनासुर आला. अंकुरायन आणि दर्भवती आश्रमाच्या दाराशी उभे होते. म्हातारीला जिथे मातीत ठेवले होते, त्या जागी सगळ्या माळाहून दाट, पोपटी गवत वाढले होते आणि एक हरिणी त्यात तोंड घालून चरत होती. तिचे पाडस ढुशा देत दूध पीत होते. असुर धावत पुढे गेला. त्याने काठी उगारली. हरिणीने मान वर करून त्याच्याकडे पाहिले, तोंडातले गवत चावत.

काठी हळूहळू खाली आली. तो तसाच उभा राहिला. हरिणीने पुन्हा मान खाली घातली आणि चरत चरत त्या जागेच्या पार टोकापर्यंत गेली. तिचे पोट भरेपर्यंत तो हलला नाही. मग काठी खांद्यावर टाकून तो नदीच्या वाटेने निघून गेला.