महाराजांची सरासरी

देवखडी संस्थानचे रणधीरराव महाराज क्रिकेटमध्ये खरोखर किती वेळा बाद झाले होते, ते ही गोष्ट सांगणारीने पाहिलेले नाही आणि पाहणाऱ्यांनी सांगितलेले नाही. दप्तरात मात्र स्वच्छ नोंद आहे: पहिली सात वर्षे, अठराशे चौऱ्याहत्तर धावा, बाद एकदाही नाही!

पंच होते दिवाण दाजीसाहेब. महाराजांचा त्रिफळा उडाला की दाजीसाहेब म्हणत, "वारा फार सुटलाय!" झेल गेला की म्हणत, "नो बॉल!" एकदा मधली यष्टी मोडून तिचे दोन तुकडे झाले, तेव्हा ती तासणाऱ्या सुताराला दंड झाला.

फलंदाजी सरदारांनी करावी आणि गोलंदाजी चाकरांनी, अशी त्या संस्थानात कामाची वाटणी होती. चाकरांत सर्वांत तरबेज हैबती चांभार. चेंडू तोच शिवी आणि तोच टाकी. त्याने शिवलेला चेंडू झेलताना कोणाही सरदाराला विटाळ होत नसे. चहाच्या वेळी मात्र तो हटकून होई. मग सरदार मंडपात चिनीमातीच्या कपातून चहा पीत आणि हैबती दोरीबाहेर, मातीच्या परळातून.

माघातल्या सामन्याच्या आदल्या दिवशी महाराजांनी फर्मावले, "मैदानाला लागून तो चांभारवाडा आहे ना, हलवा! तिथे आम्हाला नवा मंडप हवा."

हैबतीने हात जोडले. "सरकार, तीन पिढ्यांची बारा घरं हायेत. एक विहीर हाय. जायचं कुठं?"

महाराज त्या दिवशी खुशीत होते. "ठीक! उद्या सूर्य मावळायच्या आत मला बाद कर. वाडा राहील!"

दरबार पोट धरून हसला. दाजीसाहेब सर्वांत जास्त.

हैबतीची मुलगी सगुणा मैदानावरच्या फळीवर पत्र्याचे आकडे टांगण्याचे काम करी. संस्थानच्या शाळेत ती चौथीपर्यंत शिकली होती, ओसरीबाहेर बसून. पण गणित ओसरीबाहेरही तेच येते. सकाळी चेंडूला मेण लावता लावता हैबती म्हणाला, "सगुणे, चेंडू मी टाकीन गं. पर बोट तर दाजीसाहेबांचं!"

"बोट त्यांचं असू द्या, बाबा. मुंबईहून सरासरी मागणारं पत्र आलंय म्हणं. हुकूम महाराजांचा आणू!"

सामना सुरू झाला. हैबतीने महाराजांची मधली यष्टी तीनदा उडवली. पहिल्यांदा वारा सुटला. दुसऱ्यांदा नो बॉल झाला. तिसऱ्यांदा दाजीसाहेब म्हणाले, "माझ्या डोळ्यात कुसळ गेलं होतं. चेंडू दिसलाच नाही!" सगुणा मुकाट्याने धावा टांगत राहिली. सव्वीस झाल्या आणि चहाची वेळ झाली.

महाराजांनी मंडपात एक पत्र फडकावले. "मुंबईच्या क्रीडावार्षिकाला आमची सरासरी हवी आहे! शेजारच्या राजेसाहेबांची छापली, एकतीस. दाजीसाहेब, आमची किती?"

"महाराजांची? अमाप!"

"अमाप हा आकडा नव्हे. फळीवर लावा!"

फळी रिकामीच राहिली. महाराज कडाडले, "पोरी, हात का थांबला?"

"सरकार, लावायला आकडाच न्हाई."

"म्हणजे?"

"जेवढ्या धावा, त्यांना जेवढ्या वेळा बाद तेवढ्यानं भागायचं. शेजारचे राजेसाहेब बासष्ट वेळा बाद झालेत, म्हणून त्यांना सरासरी हाय. आपल्याकडं भागायला शून्य. शून्यानं भागायचं कसं? दिवाणसाहेबांना विचारा, ते मॅट्रिक हायेत!"

दाजीसाहेब उसळले, "गप बैस! महाराजांना शून्य म्हणतेस?"

"मी न्हाई जी. सात वर्षं आपणच लिहिताय!"

महाराजांनी कप खाली ठेवला. "मग वार्षिकात काय छापतील?"

"आडवी रेघ, सरकार. ज्यानं जन्मात बॅट धरली न्हाई, त्याच्या नावापुढंबी तीच असती."

"रेघ! आम्हाला!" महाराज लालबुंद झाले. मग त्यांनी हळूच विचारले, "आणि एकदाच बाद झालो तर?"

सगुणाने एकेक पत्रा टांगला. एक. नऊ. शून्य. शून्य.

"आजच्या सव्वीस धरून एकोणीसशे! एकतीस कुठं, एकोणीसशे कुठं!"

महाराज ताडकन उठले. "मी आत्ता माझी यष्टी पाडतो!"

"आपली यष्टी आपणच पाडली, तर तसंच छापतील, सरकार."

"हैबती! चेंडू घे! आजच्या टपालाने पत्र गेलं पाहिजे!"

हैबती धावत आला. मधली यष्टी गिरक्या घेत यष्टिरक्षकाच्या डोक्यावरून गेली. दाजीसाहेब सवयीने ओरडले, "नो बॉल!"

"दाजीसाहेब! बोट वर करा, नाहीतर उद्यापासून घरी बसा!"

बोट वर गेले. सात वर्षांनी जात होते, त्यामुळे मध्येच दोनदा अडखळले.

महाराज ऐटीत मंडपाकडे निघाले. निम्म्या वाटेवर त्यांची नजर पश्चिमेला गेली. सूर्य डोंगरावर अजून हातभर होता! त्यांना कालचा शब्द आठवला आणि ते जागीच थबकले.

"पोरी, खरं सांग. मला बाद कोणी केलं? तुझ्या बापानं?"

"बाबा तर सकाळपासून तीनदा करत होते, सरकार. आपल्याला बाद केलं शून्यानं!"

महाराज एवढे हसले की पगडी कानावर आली. "वाडा तुमचा! विहीरही तुमची! नवा मंडप दाजीसाहेबांच्या आमराईत बांधा! आणि तुला काय हवं गं?"

"एक कप चहा, सरकार. बाबांना. मंडपात."

सरदारांचे हसू थांबले. महाराजांचे थांबले नाही. "द्या!" ते म्हणाले.

चांभारवाडा जागच्या जागी राहिला. हैबतीला चहा दिल्याची नोंदही दप्तरात आहे, वेळेसकट. तो कपातून दिला की परळातून, आणि दोरीच्या आत की बाहेर, तो रकाना कोरा आहे.