टोकीची तक्रार

फार पूर्वी एका रानात टोकी नावाचं साळिंदराचं पिल्लू होतं. आई वारल्यावर काकाने तिला बिळातून हाकललं, तशी ती तडक हत्तिणीच्या न्यायसभेत गेली.

दारावरचा वानर म्हणाला, "लहानांनी घरच्या मोठ्यांना घेऊन यायचं."

"मोठे म्हणजे काकाच. तक्रार त्यांच्यावरच आहे."

"मग आत जाता येणार नाही."

टोकी काटे फुलवून दारातच बसली. कुणालाच ये-जा करता येईना. शेवटी हत्तीण बाहेर आली आणि तिने सगळं ऐकलं.

"हा नियम कुणाचा?"

"आपलाच, बाई," वानर पुटपुटला.

हत्तीण ओशाळली आणि टोकीसमोर खाली बसली. "सांग बाळ, सावकाश सांग."

मग काकाचंही ऐकून तिने बीळ टोकीला दिलं. दुसऱ्या दिवशी एक ससुली एकटीच आली. वानराने तिला फक्त नाव विचारलं.