बुर्जी

“मग चुकलं कुठं, तेवढं तरी सांगा, उस्ताद. एक खेळी दाखवा. एकच.”

 चांदसाहेब उस्ताद जुन्या फडक्यानं बुद्धिबळातले मोहरे पुसत राहिले.

मिरजेच्या दर्ग्यामागच्या ह्याच खोलीत, ह्याच चटईवर केदार हसबनीस खेळ शिकला होता. आता तो ग्रँडमास्टर होता. त्याच्या गाजलेल्या डावांचं पुस्तक निघत होतं आणि सुरुवातीला उस्तादांचे चार शब्द हवे होते. माणूस मोठा झाला की त्याला आशीर्वादही छापील लागतो.

पुस्तकात पहिला डाव अर्थातच तो. राष्ट्रीय स्पर्धेची शेवटची फेरी, केदार विरुद्ध दिगंबर पाटोळे. वर्तमानपत्रांनी त्या डावाला ‘सोलणी’ म्हटलं होतं. केदारला ते नाव फार आवडलं होतं.

दिगंबर म्हणजे दिगू. तोही ह्याच चटईवरचा. दोघांनी एका कागदातले चुरमुरे खात खेळ शिकला. दोघांत दिगू सरस होता. हे खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं आणि केदारला तर सगळ्यांच्या आधी कळलं होतं. ते त्याला कधीच सोसलं नाही.

त्या शेवटच्या फेरीत दिगू एकदाचा त्याच्या तावडीत सापडला. मात अगदी समोर दिसत होती. दिगूलाही दिसत होती.

पण उस्तादांच्या खोलीत डाव सोडून उठायची पद्धत नव्हती. हरणाऱ्यानं शेवटपर्यंत बसायचं आणि जिंकणाऱ्यानं ते बसणं लांबवायचं नाही, अशी इथली रीत. म्हणून दिगू मान खाली घालून बसून राहिला. केदार आता संपवेल, असं त्यानं धरूनच चाललं होतं.

केदारनं संपवलं नाही. त्यानं आधी घोडा मारला. मग हत्ती. मग एकेक प्यादं... कॅमेरे चालू होते, मागच्या खुर्च्यांवर लोक हसायला लागले होते. दिगूचा नुसता राजा उरला, तेव्हा कुठं केदारनं मात दिली.

त्यानंतर दिगूनं मोहऱ्याला हात लावला नाही. साखर कारखान्यात वजनकाट्यावर नोकरी धरली. गेल्या महिन्यात काविळीनं गेला. केदार तेव्हा परदेशात खेळत होता.

“लोक म्हणतात, त्या डावानं त्याला मारलं,” केदार म्हणाला. “मी एकही नियम मोडला नव्हता, उस्ताद.”

“न्हाई मोडलास.”

“मग तुम्ही तो डाव का बघत नाही? सगळ्या जगानं बघितला.”

“खेळतोस का एक डाव?” उस्तादांनी विचारलं. “जुन्या रीतीनं खेळू.”

केदारला हसू आलं. ह्या वयात म्हाताऱ्याची हौस काही कमी नाही! पण त्यानं मांडी घातली. जुनी रीत त्याला आठवत होती. प्यादं पहिल्या खेळीलाही एकच घर सरकतं. राजाला एकदाच घोड्यासारखी उडी मिळते.

“सगळं लक्षात आहे माझ्या,” तो म्हणाला.

“बरं हाय की मग.”

उस्तादांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. ते बोटांनी चाचपून मोहरा ओळखायचे आणि मगच उचलायचे. केदारला वाईट वाटत होतं. पण त्याचा हात काही थांबत नव्हता. उस्तादांचा वजीर गेला. हत्ती गेले. प्यादी गेली.

शेवटी उस्तादांकडे कोपऱ्यातला राजा आणि एक उंट राहिला.

केदारनं पटाकडे पाहिलं. त्याला प्याद्यानं मात करता येत होती. जुन्या खेळात ह्याहून मोठा मान नाही. ती खेळी त्याला दिसली, अगदी स्वच्छ दिसली.

पण उंट आयता मारता येत होता. केदारनं आधी उंट उचलला.

उस्तादांनी पटावर तळहात पालथा ठेवला.

“बुर्जी.”



समोरचा राजा एकटा पडला की जुन्या रीतीत डाव तिथंच थांबतो, त्याला म्हणायचं बुर्जी. मग मात करता येत नाही. जिंकणाऱ्याची जीत निम्मीच धरतात. म्हणून पुरतं जिंकायचं असेल, तर समोरच्याचा एक तरी मोहरा राखावा लागतो. ह्या खोलीत पोरांना पहिल्या आठवड्यातच हे शिकवलं जायचं. एवढा मोठा ग्रँडमास्टर, आणि नेमकं हेच विसरला होता.

दिगू कधी विसरला नव्हता. त्यानं केदारला कितीदा तरी हरवलं होतं, पण दर वेळी त्याचं एक प्यादं राखून. डाव संपला की ते प्यादं उचलून केदारच्या हातात द्यायचा आणि म्हणायचा, “हे तुझं. उद्या ह्याच्यापासनं सुरू कर.” केदार घरी जाईपर्यंत रडायचा. पण दुसऱ्या दिवशी यायचा.

“मी विसरलो, उस्ताद...”

“व्हय.”

“दिगू असं कधीच...”

“न्हाई. कधीच न्हाई.”

बाहेर दर्ग्याच्या आवारात कुणीतरी कबुतरांना दाणे टाकत होतं. 

“शेवटी तो काही बोलला का? माझ्याबद्दल?” केदारनं विचारलं. 

“मी दवाखान्यात जायचो रोज. रोज एकच विचारायचा.”

“काय?”

“केदार कुठं खेळतोय आता? जिंकला का?”

केदारला राहवलं नाही. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं, आणि ग्रँडमास्टर साहेबांनी ते शर्टाच्या बाहीनं पुसलं. किती वर्षं त्यानं स्वतःला बजावलं होतं की दिगू त्याचा दुस्वास करत असेल. तसं मानणं सोपं होतं. दुस्वास करणाऱ्याला भेटायला जावं लागत नाही.

थोड्या वेळानं त्यानं बाजूच्या ढिगातून उस्तादांचा काळा उंट शोधून काढला.

“एवढी एक खेळी मागं घेऊ द्या, उस्ताद.”

“माझी ना न्हाई.”

केदारनं उंट त्याच्या घरात ठेवला. उंट जरा तिरका बसला, म्हणून त्यानं तो पुन्हा नीट केला. आपला मोहरा मागं नेला. मग एखाद्या नव्या पोरासारखा उस्तादांच्या तोंडाकडे बघत राहिला.

“ठेवला, उस्ताद. आता?”

चांदसाहेब भिंतीचा आधार घेत उठले. पटासमोरची आपली जागा त्यांनी मोकळी केली आणि चटईची दुमडलेली कड पायानं सरळ केली.

“आता दिगूला हाक मार.”