सोन्याच्या तारेतला दात

समुद्राकाठच्या एका गावी रवळू नावाचा सनईवाला राहत होता. देवळातल्या पहाटेच्या सनईचा मान त्याच्या घराण्याचा. दुखणे आले आणि पंचांना सांगितले, तर महिनाभर सूट मिळे. न सांगता पाच पहाटा चुकल्या, तर मान दुसऱ्या घरी जाई.

एकदा पायरीवरून घसरून रवळूचा पुढचा दात पडला. सनईतून सूर निघेना, नुसती फुसफुस. चुलतभाऊ गणबा, तोही सनई वाजवणारा, हसला, "दादा, देवाला जागवतोस की साप सोडतोस?"

रवळूने सनई खाली ठेवली. चार पहाटा तो देवळाकडे फिरकलाच नाही. मग घाबरून अंतुशेट सोनाराकडे गेला. अंतुशेट शिंगाचा दात कोरून तो शेजारच्या दातांना सोन्याच्या तारेने बांधून देत.

"हा दात शेजाऱ्यांच्या जिवावर उभा राहतो," शेट म्हणाले. "ते दोघे धड हवेत." त्यांनी डावीकडच्या दातावर चिमटा ठोकला. "दुखतं?"

कळ थेट कानात गेली. हो म्हटले, तर आधी तो दात बरा करायचा. महिना जाणार, आणि महिनाभर गणबा वाजवणार. गावाला त्याचीच सनई आवडली तर?

"नाही, शेट."

"मग डोळ्यांत पाणी कसलं?"

"तुमच्या भट्टीचा धूर."

शेटनी तार आवळली.

पाचव्या पहाटे सनई वाजली. मान राहिला, पण रवळूची झोप गेली. घास तो उजवीकडे ढकलायचा. गाल का सुजला, असे बायकोने विचारले की तोंड फिरवायचा. प्रत्येक फुंकीला डावा दात हलायचा, आणि तो डोळे मिटून पुढचा सूर धरायचा.

बाराव्या पहाटे त्याचे तोंड रक्ताने भरले. डावीकडचा किडका दात निखळला. तारेने शिंगाचा दात ओढला आणि उजवीकडचा निरोगी दातही उपटून नेला.

"मी विचारलं होतं, रवळू," दुकानी आलेल्या रवळूचे तोंड पाहून अंतुशेट म्हणाले.

"महिनाभर गप्प बसायची भीती वाटली."

"आणि आता?"

रवळूने सनई ओठांना लावली. नुसता वारा गेला. त्याने ती कापडात गुंडाळली आणि गणबाच्या दारी नेऊन दिली.

तात्पर्य: भीतीपोटी लपवलेले दुखणे निरोगी शेजाऱ्यालाही घेऊन बुडते. कुणी विचारले, तर खरे सांगा, आणि त्याच क्षणी सांगा.