पाहुण्यांसाठी राखीव डबा

दोन डोंगरांच्या बेचक्यात एक रान होतं आणि रानात वाघाचं राज्य होतं. वाघ काही जबरदस्तीनं राजा झाला नव्हता. दर पाच उन्हाळ्यांनी तो रीतसर निवडून येत असे. त्याच्याविरुद्ध उभं राहायची कुणालाही मोकळीक होती. मागे एकदा एक सांबर उभं राहिलं होतं. मोठं गोड सांबर होतं, अशी वाघ अजूनही त्याची आठवण काढतो.

ह्या रानातून एक गाडी धावायची. गवे ती ओढायचे. उत्तरेच्या माळावरून निघून, वाटेत राजधानी घेऊन, ती दक्षिणेच्या मोठ्या तळ्यापाशी पोचायची.

थंडी पडली की बर्फाच्या देशातून पांढऱ्या करकोच्यांचा थवा ह्या तळ्यावर उतरत असे. त्या थव्यात मार्फा नावाची एक वयस्क करकोची होती. हे नाव रानात कुणाच्या जिभेवर नीट बसेना, म्हणून सगळे तिला मारफाबाई म्हणत. मारफाबाई आणि त्यांचा नवरा इतकी वर्षं इकडे येत होते, की कुठल्या साली कुठला आंबा मोहरला नव्हता हेसुद्धा त्यांना आठवत होतं.

ह्या वर्षी संक्रांतीच्या सुमाराला माळावरून जाताना, पलीकडच्या गावातल्या पतंगाचा मांजा मारफाबाईंच्या पंखात अडकला आणि त्या खाली आल्या. नवऱ्याला त्यांनीच पुढे पाठवलं. थव्याबरोबर जा, म्हणाल्या, मी गाडीनं येते. वैद्यकी करणाऱ्या धनेश पक्ष्यानं पंखाला पाला बांधला आणि बजावलं, की पळसाची फुलं गळेपर्यंत पंख मारायचा नाही. त्यानंतर थव्यासोबत गरम वाऱ्यावर तरंगत गेलात तर घरी पोचाल. शिमगा झाला, की पहिल्या गरम वाऱ्याला थवा उठतो आणि तो कुणासाठी थांबत नाही. त्याआधी तळं गाठायचं होतं, नाहीतर ह्या रानातला उन्हाळा. बर्फाच्या देशातला कुठलाही करकोचा तो काढून जिवंत राहिल्याचं मारफाबाईंच्या ऐकिवात नव्हतं.

पण त्यांना काळजी वाटली नाही. गाडीनं त्या पूर्वीही गेल्या होत्या. तेव्हा माळावरच्या जांभळाखाली एक खिडकी असायची आणि खिडकीत भागाक्का नावाची म्हातारी घोरपड बसायची. भागाक्का खेकसायची. जेवायची वेळ झाली, की पुढच्याच्या नाकावर खिडकी लावून घ्यायची. पण खेकसून झालं की ती पळसाचं एक पान उचलायची, त्यावर दात उठवायची आणि ते पुढे सरकवायची. ते तिकीट. मारफाबाई आपल्या देशातला एक खारवलेला मासा पुढे करायच्या. भागाक्का तो नाक मुरडून घ्यायची आणि वळल्यावर मिटक्या मारत खायची.

मारफाबाई जांभळाखाली आल्या तेव्हा तिथे खिडकी नव्हती. तिच्या जागी वाघाचं मोठं चित्र होतं आणि वरच्या फांद्यांत एक अवाढव्य जाळं होतं.

जाळं राजकोळ्यांनी विणलं होतं आणि ते साऱ्या रानाला जोडलेलं होतं. त्याच्या उद्घाटनाला वाघ म्हणाला होता, "बंधूंनो, आता रांग नाही, खिडकी नाही, कुणाचं खेकसणं नाही. आता ज्यानं त्यानं आपापल्या बिळात बसून तिकीट काढायचं." तेव्हा हरणांनी टाळ्या वाजवल्या होत्या. हरणांना बिळं नसतात हे नंतर कुणाच्या तरी लक्षात आलं, पण तोवर समारंभ संपला होता.

जाळ्याखाली उदोजी नावाचं उदमांजर बसायचं. तिकीट द्यायचा अधिकार त्याला नव्हता. तिकीट का मिळालं नाही हे सांगायला त्याला नेमलं होतं, आणि ते काम तो फार आपुलकीनं करायचा.

मारफाबाईंनी धागा ओढला, नाव सांगितलं, तळं सांगितलं. जाळं थरथरलं. मग काहीच झालं नाही. उदोजीनं समजावलं, की आता राजधानीतून एक काजवा निघेल आणि बाईंच्या घरी जाईल. तो ज्या तालात लुकलुकेल तो ताल बाईंनी इथे चोचीनं वाजवून दाखवायचा, म्हणजे बाई त्याच बाई आहेत हे जाळ्याला कळेल.

"माझं घर बर्फाच्या डोंगरापलीकडे आहे हो," मारफाबाई म्हणाल्या.

उदोजी म्हणाला, हो का, मग जरा वेळ लागेल. काजवा निघाला होता. तो अजून वाटेतच असावा.

दुसऱ्या दिवशी त्यांनी खारवलेला मासा जाळ्याला लावून पाहिला. जाळ्यानं तो घेतला आणि तिकीट दिलं नाही. पुन्हा लावला, पुन्हा घेतला. मासा परत मिळेल का, असं त्यांनी विचारलं. उदोजी म्हणाला, नक्की मिळेल, पण कामकाजाच्या दिवसांतच. कामकाजाचे दिवस कधी असतात ते त्यालाही ठाऊक नव्हतं. त्याच्या नोकरीत अजून एकही आला नव्हता.

एवढ्यात गाडी आली. साध्या डब्यांत रानडुकरं एकमेकांच्या पाठीवर बसली होती. मधोमध एक डबा मात्र रिकामा होता. त्यात ओलं गवत अंथरलेलं होतं आणि दारावर झेंडूच्या माळा होत्या. वर लिहिलं होतं : पाहुण्यांसाठी राखीव.

"मी पाहुणीच आहे," मारफाबाई म्हणाल्या.

"म्हणून तर तो तुमच्यासाठी ठेवलाय, बाई," उदोजी म्हणाला. "रोज धुतो आम्ही. त्याचं तिकीट राजधानीत मिळतं, पाहुण्यांच्या खिडकीवर. स्वतः जावं लागतं."

राजधानीला कसं जायचं, असं बाईंनी विचारलं. उदोजीनं गाडीकडे बोट दाखवलं. गाडी निघून गेली. रिकाम्या डब्यातल्या झेंडूच्या माळा बराच वेळ हलताना दिसत होत्या.

पळस पेटल्यासारखा फुलला, तेव्हा उदोजीलाच बाईंची दया आली. इकडेतिकडे बघून तो म्हणाला, बाई, तुम्ही एक बीळ घ्या.

गुंजाबाई नावाच्या घुशीचं बीळ जवळच होतं. ती बिळात पोटभाडेकरू ठेवायची. तिच्याकडे आधीच एक म्हैस, काही मोर आणि निम्मं हरणांचं खांड राहत होतं. म्हणजे राहत माळावरच होतं, पण जाळ्याच्या लेखी गुंजाबाईकडे. त्या रानातली रीत अशी होती, की कोळ्यासमोर बिळात डोकं घालून नाव सांगितलं की राहणं झालं. मारफाबाईंची मान वाकली, चोच आत गेली, आणि तेवढ्यावरच त्या रानाच्या रहिवासी झाल्या.

"नवऱ्याचंही सांगून टाका," गुंजाबाई म्हणाली. "एवढ्या लांबून आलात, पुन्हा खेप नको."

बाईंनी सांगून टाकलं.

आता काजवा लगेच आला. बाईंनी ताल वाजवला. जाळ्यानं दोन गोष्टी कळवल्या. एक, रहिवासी झाल्यामुळे पाहुण्यांच्या डब्यावरचा बाईंचा हक्क संपला होता. दोन, साध्या डब्यात त्या प्रतीक्षेत होत्या. जाळं पहाटे उघडायचं आणि उघडायच्या आधीच कोल्हे साऱ्या जागा काढून बसलेले असायचे. हे कसं होतं, असं बाईंनी विचारलं. कोल्हे फार लवकर उठतात, असं उदोजी म्हणाला.

शिमगा झाला. पळसाखाली फुलांचा सडा पडू लागला. एका सकाळी माळावरची धूळ गोल गोल उठली आणि मारफाबाईंच्या छातीवरची पिसं गरम झाली. तेच वारं. आज नाहीतर उद्या थवा उठणार होता. त्या लंगडत जांभळाखाली आल्या. उदोजीनं त्यांच्याकडे न बघता सांगितलं, की गाडी रद्द आहे. निवडणूक लागली होती आणि सारे डबे वाघाच्या सभेला लावले होते.

मारफाबाई जांभळाच्या मुळाशी बसून राहिल्या. नवरा आता मान उंच करून उत्तरेकडे बघत असेल. थवा उठला की तोही उठेल, उठावंच लागेल. एवढ्या वर्षांत एकमेकांना निरोप द्यायची वेळ कधी आली नव्हती, त्यामुळे निरोपाचं काय बोलायचं हेही ठरलेलं नव्हतं.

तेवढ्यात गाडी आली. एक कोल्हा उतरला, गळ्यात पट्ट्यापट्ट्यांचा रुमाल. माणसं मोजतात तशी त्यानं माळावरची जनावरं नजरेनं मोजली आणि बाईंच्या पुढ्यात येऊन थांबला. "मावशी, बसून काय राहिलात? चला वर."

"माझ्याकडे तिकीट नाही," मारफाबाई म्हणाल्या.

कोल्ह्यानं त्यांच्याकडे फार कीव आल्यासारखं पाहिलं. "सभेला तिकीट कसलं?"

सभा मोठ्या तळ्याकाठी होती. मारफाबाईंना राखीव डब्यात जागा मिळाली. तिथे बोकडही होते आणि त्यांनी झेंडूच्या माळा खाऊन टाकल्या होत्या. कुणी नाव विचारलं नाही, बीळ विचारलं नाही, काजवा आला नाही. उलट द्रोणभर पोहे मिळाले. एवढंच सांगण्यात आलं, की कोल्ह्यानं शेपूट वर केली की आनंद व्हायला हवा.

तळ्याकाठी वाघ बोलत होता. "मी विचारतो, पूर्वी इथं जाळं होतं का?" तो म्हणाला. नव्हतं, असं ससे म्हणाले. "मग तिकीट कुणी दिलं तुम्हाला?" तुम्ही, असं ससे म्हणाले. सारे फुकट आले होते.

मारफाबाईंचं भाषणाकडे लक्ष नव्हतं. पलीकडच्या लव्हाळ्यात पांढरं काहीतरी हलत होतं. करकोच्यांना गळ्यातून हाक देता येत नाही. लांबच्याला बोलवायचं तर ते मान मागे टाकून चोच वाजवतात. मारफाबाईंनी मान पाठीला टेकवली आणि सारा जीव एकवटून चोच वाजवली. मग लव्हाळ्यातून एक चोच वाजली, थोडी घोगरी, वरचा भाग जरा चिरलेला. ती चोच त्यांना कुठेही ओळखू आली असती. पाठोपाठ सारा थवा वाजू लागला.

वाघ थांबला. त्यानं डोळे मिटले आणि पंजा छातीवर ठेवला.

"आता परदेशही टाळ्या वाजवतोय," तो म्हणाला, आणि कोल्ह्यानं शेपूट वर केली.

दुसऱ्या दिवशी थवा उठला. मारफाबाई नवऱ्याच्या मागे, त्याच्या पंखाचा आडोसा धरून, गरम वाऱ्यावर वर चढल्या. धनेशाचा पाला वाटेतच गळून पडला.

मतदानाच्या दिवशी दोघं बर्फ वितळणाऱ्या नदीकाठी जुनं घरटं नीट करत होती. इकडे गुंजाबाईच्या बिळावरून मारफाबाईंचं मत भल्या पहाटे पडलं होतं. जाळ्याला त्यांची ओळख पहिल्याच झटक्यात पटली. नवऱ्याचीही पटली. त्यानं ते बीळ कधी पाहिलंसुद्धा नव्हतं.