पहिले माप पाटलांना

एकदा एका डोंगराळ गावात असे अवर्षण पडले की नाचणीचे कणीस कुणाच्या हाती लागले नाही. गावाबाहेर एक मठ होता. तिथल्या वृद्ध आचार्यांनी मठाचे पेव उघडले आणि धान्यवाटपाचे काम शिष्यावर सोपवले.

शिष्य मोठा काटेकोर. एक दाणाही अपात्री जाऊ नये म्हणून त्याने युक्ती काढली. सकाळी टेकडीवर उभे राहायचे आणि ज्या घरातून चुलीचा धूर निघत नाही, त्याच घराला धान्य द्यायचे. या युक्तीवर स्वारी भलतीच खूश होती.

आठव्या दिवशी निरोप आला की कुंभारवाड्यातली बाळंतीण चक्कर येऊन पडली आहे. शिष्य धावत गेला. चुलीवर मडके रटरटत होते. आत नुसते पाणी.

"आजी, मग रोज चूल कशाला पेटवलीत?" त्याने तिच्या सासूला विचारले.

"चूल थंड दिसली की आळीत तोंड दाखवायला जागा राहत नाही, बाबा."

शिष्याने आणून दिलेल्या धान्यातून म्हातारीने सुनेच्या पेजेपुरते दोन मुठी ठेवून घेतले आणि "आमचं चाललंय" म्हणत बाकीचे परत केले. शिष्याला स्वतःची लाज वाटली.

सारे ऐकून आचार्य उठले. त्यांनी माप हाती घेतले व म्हणाले, "चल. आधी पाटलांकडे."

म्हातारपणी यांची बुद्धी चळली की काय, असे शिष्याला वाटले. "महाराज, त्यांची कणगी भरलेली आहे. अशाने पेव पुरेल का?"

"पुरायला हवे, तर ते पाटलांनाही आपले वाटायला हवे," आचार्य म्हणाले. "पहिले माप त्यांना, मग ओळीने प्रत्येक दारात. तू माणसांना आपली उपासमार सिद्ध करायला लावलीस. अब्रूदार माणूस उपास काढील, पण तो दाखवणार नाही. तपास करायचाच, तर सुगीत कर. खळ्यावरची रास लपत नाही. ज्याची मोठी, त्याच्याकडून पेवासाठी जास्त माग. भुकेल्याच्या दारात चौकशी नको."

दुपारी शिष्य पुन्हा कुंभारवाड्यात गेला. म्हातारी दारातच होती.

"आमचं चाललंय म्हणून सांगितलं ना?"

"सगळ्या गावाला आहे, आजी. सकाळी पाटलीणबाईंनीही घेतलं."

म्हातारीने त्याच्याकडे रोखून पाहिले. मग आतून सूप आणून तिने पुढे धरले.

"शिगोशीग भर, बाबा. आमच्या वाट्याचं आहे."

आठ दिवसांत त्याच्याकडे कुणी असे हक्काने मागितले नव्हते. शिष्याने माप तिच्या सुपात ओतले आणि तिच्यासाठी ते पुन्हा शिगोशीग भरून घेतले.